पुण्यात छोटा, स्वतंत्र फिल्म फेस्टिव्हल भरवायचाय? कुठून सुरू करायचं ते सांगतो

पुण्यात शॉर्टफिल्म बनवणारी पोरं किती आहेत हे बघायचं असेल तर पुरुषोत्तम किंवा फिरोदिया या कॉलेजांच्या स्पर्धांच्या तालमींना एकदा चक्कर मारा, तिथे लाइट धरणारा, म्युझिक ऑपरेट करणारी, मागे सेट ठोकणारा, यातले निम्मे जण स्पर्धा संपली की कुणाचा तरी कॅमेरा उसना घेऊन फिल्म करायला निघतात. फिल्म होते पण. आणि मग काय होतं तर यूट्यूबवर चढते, मित्रमंडळी दोन दिवस शेअर करतात, काकू-मावशी हार्ट टाकतात आणि विषय संपतो. अंधाऱ्या हॉलमध्ये अनोळखी माणसं आपली फिल्म बघतायत, कुठे हसतात, कुठे खुर्चीत चुळबुळ सुरू होते, हे त्या पोरांना बघायलाच मिळत नाही, आणि माझ्या मते पुढची फिल्म सुधारायची तर याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

आता कुणी म्हणेल पुण्यात फेस्टिव्हलची काय कमी आहे. बरोबरच आहे. पिफ म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हल 2002 पासून चालू आहे, लॉ कॉलेज रोडला प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत 1960 पासून एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे, 1964 पासून जुन्या फिल्म जपणारं सरकारी फिल्म अर्काइव्ह आहे, आशय फिल्म क्लबने कित्येक पिढ्यांना जगभरचा सिनेमा दाखवलाय, आरभाटचा शॉर्टफिल्म क्लब आहे. हे सगळं आहे म्हणून तर इथे छोटा फेस्टिव्हल भरवणं शक्य आहे, कारण बघणारा प्रेक्षक आधीच तयार आहे. पण मोठ्या फेस्टिव्हलला जगभरातल्या फिल्म दाखवायच्या असतात, तिथे बार्शीच्या नाहीतर चाळीसगावच्या मुलीने मोबाइलवर केलेल्या बारा मिनिटांच्या फिल्मला जागा मिळेलच असं नाही आणि मिळाली तरी तिच्याशी निवांत अर्धा तास बोलायला कुणाकडे वेळ नसतो. ती जागा छोट्या फेस्टिव्हलची. म्हणून पहिल्यांदा हे पक्कं करा की आपण फिल्म कमी घेणार, ज्या घेऊ त्या नीट दाखवणार, बनवणाऱ्याला समोर बसवणार आणि गप्पांना वेळ ठेवणार. खाली जे काही लिहिलंय ते सगळं यातूनच आलंय.

माणसं पाच-सहा पुरतात पण कामं वाटून घेतलेली पाहिजेत. हॉल आणि परवानग्या एकाकडे, फिल्म मागवणं आणि मेलला उत्तरं देणं एकाकडे, प्रोजेक्शन आणि साउंड एकाकडे, पैशाचा हिशोब एकाकडे, आणि बाहेरगावहून येणाऱ्यांची सोय एकाकडे. निवड सगळ्यांनी मिळून करायची. प्रोजेक्शनवाल्याने मात्र त्या दोन दिवसांत दुसरं एकही काम घ्यायचं नाही, पाहुण्याला आणायलासुद्धा जायचं नाही.

तारीख ठरवताना पुण्याचं कॅलेंडर समोर घेऊन बसा. पिफ बहुतेक वेळा जानेवारीत, डिसेंबरात सवाई, पालख्या आल्या की रस्ते बंद, गणपतीत पेठांमध्ये पोचणं अवघड, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुरुषोत्तममुळे जी पोरं तुम्हाला हवीत तीच तालमीत अडकलेली. मग उरतो फेब्रुवारीचा शेवट किंवा पालखी पुढे गेल्यावरचा जुलै. जुलैचा फायदा असा की पावसात शूटिंग बंद असतं, मंडळी मोकळी असतात, कॉलेजं नुकतीच सुरू झालेली असतात, पण गावाकडून येणारे पेरणीच्या गडबडीत असतात आणि हॉलला पत्र्याचं छप्पर असेल तर डायलॉग ऐकू येत नाहीत. मला फेब्रुवारी बरा वाटतो.

हॉलबद्दल थोडं सविस्तर सांगतो कारण इथेच सगळं ठरतं. पुण्यात नाटकाची संस्कृती असल्यामुळे छोट्या जागा बऱ्याच आहेत, शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे, हिराबागेजवळ ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे, नवी पेठेत पत्रकार भवन आणि एस. एम. जोशी सभागृह आहे, एरंडवण्यात द बॉक्स आहे. पण नाटकाची जागा आणि सिनेमाची जागा यात फरक असतो. नाटकाच्या हॉलला बऱ्याचदा पडदा आणि प्रोजेक्टर बाहेरून आणावा लागतो, स्पीकर माणसाच्या आवाजासाठी लावलेले असतात, आणि भाडं दिवसावर नाही तर सत्रावर असतं, म्हणजे सकाळचं सत्र संपल्यावर संध्याकाळी तिथे दुसऱ्याचा प्रयोग असेल तर तुमचा पडदा काढून परत लावायला लागणार. हे आधी विचारा. अर्काइव्हचं थिएटर खऱ्या अर्थाने सिनेमासाठीच बांधलेलं आहे, तिथलं प्रोजेक्शन आणि तिथला प्रेक्षक दोन्हीला तोड नाही, नळ स्टॉप मेट्रोपासून चालत जाता येतं, पण अर्काइव्ह 2022 पासून एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळाच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे तारखा आणि अटींची लेखी चौकशी खूप आधीपासून सुरू करा.

हॉल बघायला दुपारी बारा वाजता जा. संध्याकाळी गेलात तर सगळेच हॉल अंधारे दिसतात. दुपारी दाराच्या फटीतून, वरच्या झरोक्यातून किती उजेड येतो ते बघा, पडद्यासमोर शेवटच्या रांगेत बसून सबटायटल वाचता येतात का बघा, पुढच्या माणसाच्या डोक्यामागे पडद्याची खालची पट्टी लपत असेल तर सबटायटल लपणार हे नक्की, मग पडदा वर घ्यायला लागेल. टॉयलेट बघा, जिना सोडून वर यायला काही सोय आहे का बघा, पार्किंग विचारा. आणि शंभर सीटचा हॉल भरलेला असणं हे आठशे सीटच्या हॉलमध्ये शंभर माणसं बसलेली असण्यापेक्षा कधीही चांगलं, त्यामुळे मोठ्या रंगमंदिराच्या मागे लागू नका.

आता परवानगी. हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी फिल्म दाखवायची तर 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, आणि शॉर्टफिल्मवाल्यांकडे ते जवळजवळ कुणाकडेच नसतं. त्याच कायद्याच्या कलम 9 खाली केंद्र सरकार सूट देऊ शकतं आणि फेस्टिव्हल याच सवलतीवर चालतात. त्यासाठी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करायचा, सोबत निवडलेल्या फिल्मची यादी, प्रत्येकीचा सारांश, फिल्म कुणी बघून निवडल्या त्याची माहिती, असं सगळं जोडायचं. सूट मिळते ती नोंदणी केलेल्या डेलिगेटना, बिगर-व्यावसायिक पद्धतीने दाखवण्यासाठी. म्हणजे दारात तिकीट खिडकी लावून येईल त्याला विकायचं नाही, डेलिगेट रजिस्ट्रेशन करून कार्ड द्यायचं. याचा अर्थ असा की फिल्मची निवड फेस्टिव्हलच्या निदान दीड-दोन महिने आधी संपली पाहिजे, नाहीतर अर्ज करायला यादीच तयार नसते. शेवटच्या आठवड्यात कुणाची तरी भारी फिल्म आली म्हणून घुसवायची नाही, कितीही मोह झाला तरी, ती पुढच्या वर्षी घ्या. हॉलवाल्यांनाही विचारा त्यांना पोलिसांचं किंवा आणखी कुठलं पत्र लागतं का, प्रत्येक जागेचं वेगळं असतं.

पैसे. सगळ्यात मोठा खर्च हॉल आणि प्रोजेक्टर-साउंड, त्याच्या खालोखाल जेवण आणि राहणं, बाकी छपाई वगैरे किरकोळ. फ्लेक्स लावू नका, त्या पैशात बाहेरगावच्या दोन जणांचं एसटीचं भाडं निघतं. डेलिगेट फी परवडेल अशी ठेवा, विद्यार्थ्यांना निम्मी. स्पॉन्सर मिळाला तर घ्या पण फिल्मच्या आधी त्याची दोन मिनिटांची जाहिरात दाखवायची अट असेल तर नम्रपणे नाही म्हणा, बॅनर बाहेर लावू म्हणावं. फिल्म पाठवणाऱ्यांकडून एंट्री फी घ्यायची का यावर आमच्या ग्रुपमध्ये दर वर्षी वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नये. ज्याने स्वतःच्या खिशातून पंधरा-वीस हजार घालून फिल्म केली त्याच्याकडूनच परत पैसे मागायचे आणि निवड झाली नाही तर ते गेलेच, हे मला पटत नाही.

फिल्म मागवताना फिल्मफ्रीवे या फेस्टिव्हलला फिल्म पाठवायच्या वेबसाइटवर पान करता येतं, सोपं आहे, पण फी ठेवली नाही की तिथे जगभरातून फिल्म येऊन पडतात, ज्यांना पुणे कुठे आहे हेही माहीत नसतं. आपला फेस्टिव्हल प्रादेशिक असेल तर नियमातच लिहा, महाराष्ट्रात बनलेल्या किंवा मराठी आणि इथल्या बोलींमधल्या फिल्म, लांबी 30 मिनिटांच्या आत. साधा गूगल फॉर्मही चालतो. खरं काम फॉर्मच्या बाहेर असतं. नगर, सोलापूर, लातूर, जळगाव, अमरावती इथल्या मास कॉमच्या डिपार्टमेंटला, नाटकाच्या ग्रुपना, तिथल्या फिल्म सोसायट्यांना फोन करा, मेल नाही, फोन. अहिराणीतली, वऱ्हाडीतली, मालवणीतली फिल्म आपल्याकडे आपोआप चालत येत नाही, ज्याने केलीय त्याला वाटत असतं पुण्यातली माणसं आपली भाषा ऐकून हसतील. त्याला कुणीतरी आपणहून बोलवावं लागतं.

फॉर्ममध्ये एवढं नक्की विचारा: लांबी, भाषा, सबटायटल आहेत का, गाणी-म्युझिक कुणाचं आणि त्याची परवानगी आहे का, अॅस्पेक्ट रेशो म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण, फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, आणि फेस्टिव्हलला स्वतः येणार का. म्युझिकच्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात कारण हिंदी गाणं सरळ उचलून लावलेलं असतं. अशा फिल्मवाल्याला लगेच बाद करू नका, गाणं बदलून पाठव म्हणून वेळ द्या, पुण्यात तबला-पेटी-गिटार वाजवणारे दोस्त प्रत्येकाला असतात. आणि दाखवण्याची लेखी परवानगी घ्या, दोन ओळींची, की या तारखेला या ठिकाणी एकदा दाखवतोय, बाकी सगळे हक्क तुमचेच, लिंक आम्ही पुढे कुणाला देणार नाही. ती लिंक खरोखर कुणाला देऊ नका, "ताई फक्त मला पाठव ना" म्हणणाऱ्यालाही नाही. फिल्म अजून दुसऱ्या फेस्टिव्हलला जायची असते, आणि काही ठिकाणी प्रीमियरची, म्हणजे आधी कुठे दाखवलेली नसण्याची, अट असते.

बघण्याचं गणित आधी करा. 300 फिल्म आल्या आणि सरासरी 15 मिनिटांची एक धरली तर 75 तास होतात, प्रत्येक फिल्म दोघांनी तरी बघायची म्हटलं तर 150 तास, सहा जणांत वाटले तर प्रत्येकी 25 तास. नोकरी सांभाळून हे महिनाभराचं काम आहे. बघताना पूर्ण बघा, दीड पटीने पळवून नाही, फोनवर जेवताना नाही. पहिली दोन मिनिटं कच्ची असलेली फिल्म सातव्या मिनिटाला अशी काही उघडते की बघत राहावं, आणि नेमकी अशीच फिल्म मोठ्या ठिकाणी मागे पडते. टेक्निकली चकाचक, ड्रोन शॉट, स्लो मोशन, आणि आत काहीच नाही, अशा फिल्म ढिगाने येतात, त्यांना बळी पडू नका. साउंड वाईट असेल तर मात्र विचार करा, चित्र थोडं हललेलं प्रेक्षक चालवून घेतो पण डायलॉग कळला नाही की सोडून देतो.

नकार कळवा. प्रत्येकाला. सगळ्यांना एकच छापील मेल गेला तरी चालेल पण जायला हवा, आणि जमलं तर ज्या फिल्म थोडक्यात राहिल्या त्यांना दोन ओळी वेगळ्या लिहा, काय आवडलं, कुठे अडलं. त्यातलेच लोक पुढच्या वर्षी चांगली फिल्म घेऊन येतात, आणि नाही निवडली तरी बघायला येतात.

प्रोग्रॅम लावणं हे मला स्वतःला सगळ्यात आवडणारं काम. दोन दिवस, रोज तीन सत्रं, एका सत्रात चार फिल्म, म्हणजे 24 फिल्म, पहिल्या वर्षी याच्यावर जाऊ नका. सत्र दीड तासाचं धरा आणि त्यात फिल्मची बेरीज एक तासाच्या वर जाऊ देऊ नका, राहिलेला अर्धा तास बोलण्याचा. विषयाप्रमाणे गठ्ठे करू नका, म्हणजे शेतकऱ्याच्या चार फिल्म एकत्र, स्त्रियांच्या चार एकत्र, त्याने तिसऱ्या फिल्मपर्यंत माणूस दमतो आणि चौथीवर अन्याय होतो. जड फिल्मनंतर हलकी, बोलकीनंतर शांत, डॉक्युमेंट्री आणि फिक्शन मिसळून. सगळ्यात अवघड फिल्म सत्राच्या दुसऱ्या नंबरवर ठेवा, तेव्हा लोक ताजे असतात. दुपारच्या जेवणानंतरच्या सत्रात ॲनिमेशन किंवा विनोदी काहीतरी पाहिजेच, पुण्यात दुपारी एक ते चार काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

टेक्निकल बाजू. थिएटरमध्ये दाखवणार असाल तर डीसीपी, म्हणजे थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्टरला चालणारं फाइलचं पॅकेज लागेल, ते डीसीपी-ओ-मॅटिक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घरच्या लॅपटॉपवर बनतं, वेळ लागतो पण बनतं. 2के या साइझमध्ये चित्राचे दोन आकार असतात, फ्लॅट म्हणजे 1998 बाय 1080 पिक्सेल आणि जास्त रुंद स्कोप म्हणजे 2048 बाय 858, यातलं आपलं कुठलं ते फिल्मवाल्याला कळत नसेल तर तुम्ही मूळ फाइल मागून घ्या आणि तुम्हीच बनवा, म्हणजे सगळ्यांचं एकसारखं होतं. आपल्याकडे विजेची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ असल्यामुळे ट्यूबलाइटचा फ्लिकर टाळायला बरेच जण 25 फ्रेमवर शूट करतात, आणि डीसीपी सर्व्हरला 24 सगळ्यात सोयीचं, तर 25 चं 24 करताना होणारे बदल आवाजासकट तपासून घ्या. साध्या हॉलमध्ये लॅपटॉपवरून दाखवणार असाल तर सगळ्या फाइल एकाच फॉरमॅटला आणा, लॅपटॉप दोन ठेवा, दोन्हीवर सगळ्या फिल्म, नोटिफिकेशन बंद, स्क्रीनसेव्हर बंद, वायफाय बंद, चार्जर लावलेला. पेनड्राइव्हवरून थेट कधीच चालवू नका. फिल्म कॉपी झाली की शेवटपर्यंत पळवून बघा, श्रेयनामावलीच्या मधेच तुटलेली फाइल येते.

आवाज हा छोट्या फेस्टिव्हलचा सगळ्यात दुखरा भाग आहे. एका फिल्ममध्ये कुजबूज, पुढचीत ढोलताशा, आणि मधे कुणीतरी धावत जाऊन व्हॉल्यूम कमी करतंय. आदल्या दिवशी हॉल दोन तास जास्त घ्या, भाडं पडलं तरी, आणि प्रत्येक फिल्मची पहिली दोन मिनिटं आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा लावून बघा, कागदावर प्रत्येकीचा व्हॉल्यूम लिहून ठेवा. फिल्मवाला पुण्यातलाच असेल तर त्याला या टेस्टला बोलवा. स्वतःची फिल्म मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा रिकाम्या हॉलमध्ये बघून त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघितल्यावर हॉलचं जास्तीचं भाडं कुणालाच टोचत नाही.

सबटायटल इंग्रजीत असतात बहुतेक. बोलीभाषेच्या फिल्मला मराठी सबटायटलही करून घ्या असं मी म्हणेन, कारण मालवणीतला अर्धा डायलॉग पुण्याच्या आजींना कळत नाही आणि त्या इंग्रजी वाचत नाहीत. दोन ओळींच्या वर जाऊ नका, पांढरी अक्षरं, काळी कड, देवनागरी फॉन्ट जरा मोठा, मात्रा-उकार कापले जात नाहीत ना ते बघा, जोडाक्षरं फुटलेली दिसतात कधीकधी.

फिल्मनंतरच्या गप्पा म्हणजे तुमच्या फेस्टिव्हलचा जीव. सूत्रसंचालक फिल्म आधी बघितलेला पाहिजे, आणि त्याने स्वतः भाषण करायचं नाही. "ही कल्पना कशी सुचली" हा प्रश्न सोडून सुरुवात करा, त्यापेक्षा एखादा ठरावीक शॉट घ्या, ते घर कुठे मिळालं, त्या आजींना कसं तयार केलं, पाऊस खरा होता का. प्रत्यक्ष काम कसं केलं ते विचारलं की लाजरा माणूसही बोलायला लागतो. पुण्यात प्रश्न विचारायला उठलेला माणूस प्रश्न न विचारता स्वतःचं मत दहा मिनिटं सांगतो, तेव्हा माइक आपल्या कार्यकर्त्याच्या हातात राहू द्या, त्यांना देऊ नका, "सर, प्रश्न काय आहे" असं हसून विचारता येतं. आणि कुणी कडक टीका केली तर ती होऊ द्या, फक्त माणसावर जायला लागली की थांबवा. कॅमेरामन, साउंडवाली, एडिटर आले असतील तर त्यांनाही स्टेजवर बोलवा, त्यांना कुणी कधी काही विचारत नाही.

बाहेरगावहून येणाऱ्याला स्वारगेट किंवा वाकडेवाडीला कोण घ्यायला येणार त्याचा नंबर आदल्या दिवशी पाठवा. राहायची सोय लॉजवर नको, ग्रुपमधल्या घरांमध्ये करा, खर्च वाचतो हे तर आहेच पण रात्री जेवल्यावर गच्चीवर ज्या गप्पा होतात त्यातूनच पुढच्या फिल्म जुळतात, कुणाकडे कॅमेरा असतो, कुणाकडे गोष्ट, कुणाकडे वाडा. मुली येणार असतील तर त्यांना आधी विचारून, त्यांना बरं वाटेल अशाच घरी सोय करा आणि रात्री सोडायला कोण ते ठरवून ठेवा. जेवण सगळ्यांचं एकत्र, ज्युरी आणि पाहुण्यांचं वेगळं टेबल अजिबात नको. दुपारी पोळीभाजी, मधे पोहे आणि भरपूर चहा, एवढं पुरतं.

बक्षिसं कमी ठेवा, दोन-तीन, आणि ज्युरीने का दिलं ते चार वाक्यांत लिहून वाचून दाखवावं. ट्रॉफीपेक्षा उपयोगी काही देता आलं तर बघा, म्हणजे एखाद्या एडिटरचे दोन दिवस, साउंड मिक्सिंग, लेन्स आठवडाभर, पुण्यात असं देणारी माणसं विचारलं तर मिळतात.

फेस्टिव्हल संपला की आठ दिवसांच्या आत सगळ्या फिल्मवाल्यांना त्यांच्या गप्पांचे फोटो, रेकॉर्डिंग आणि किती जण बघायला होते तो आकडा पाठवा, त्यांना पुढच्या अर्जांना लागतो. हिशोब सगळ्यांसमोर मांडा, जमा-खर्च एका पानावर, डेलिगेटनाही मेल करा. आणि व्हॉट्सॲप ग्रुप नुसता शुभ सकाळचा होऊ द्यायचा नसेल तर महिन्यातून एकदा भेटायला लागतं, एखाद्याच्या हॉलमध्ये नाहीतर कॉलेजच्या वर्गात, एक पूर्ण झालेली शॉर्टफिल्म आणि एक अर्धवट एडिट, रफ कट बघून मोकळेपणाने बोलायचं आणि ते बाहेर कुठे सांगायचं नाही. अशा पहिल्या भेटीची जागा आणि तारीख फेस्टिव्हलच्या आधीच ठरवून ठेवा, शेवटच्या सत्रात स्टेजवरून सांगा आणि कुणाचा रफ कट बघायचा त्याचं नाव तिथेच लिहून घ्या.